मीनाक्षीने उचललेली मुलगी

मीनाक्षी खानविलकर वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात रक्त काढायचं काम करते. माणूस बाही वर करून तिच्यासमोर बसला, की सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत त्याच्या घरात कुणाचं लग्न कुठे अडलंय हे तिने काढून घेतलेलं असतं. रक्त नळीत भरून लॅबला जातं, बाकीचं ती घरी आणते आणि जेवणाबरोबर वाढते. नवरा यतिन रोज ट्रेनने सिडनीला जाऊन येतो, दमलेला असतो, त्यामुळे निमूट ऐकतो. लोकांच्या भानगडीत पडून लष्कराच्या भाकऱ्या भाजू नकोस, असं तो पूर्वी सांगायचा. आता त्याने हात टेकलेत. पाहुणे आले की मात्र तो सूड उगवतो. "आमचे छत्तीसपैकी चौतीस गुण जुळले होते," असं गंभीर चेहऱ्याने सांगतो, "उरलेले दोन घेऊन ही लग्नापासून माझ्याशी भांडतेय."

ती मूळची ठाण्याची. यतिनच्या व्हिसावर इथे आली तेव्हा तिच्या बी.एस्सी.ला कुणी विचारलं नाही. दोन महिने रडली, मग टेफ नावाच्या सरकारी कॉलेजात जाऊन रक्त काढायला शिकली आणि पहिला हात यतिनचाच धरला. तो हात आठवडाभर निळा होता. मुलगा अपूर्व आता मेलबर्नला, क्रेगीबर्नमध्ये, बायकोबरोबर राहतो आणि रविवारी फोन करतो. मीनाक्षीला मुलगीही हवी होती, ती झाली नाही. ही गोष्ट ती कधी बोलत नाही, पण इतक्या ठरवून बोलत नाही की सगळ्यांना माहीत आहे.

शेजारी पाक रत्मोको राहतात. पाक हे नाव नव्हे, जावामध्ये वडीलधाऱ्या पुरुषाला तसं म्हणतात, आपण काका म्हणतो तसं. पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समध्ये क्रेन चालवून ते रिटायर झाले. त्यांची बायको एन्दांग कॅन्सरने गेली तेव्हा त्यांची मुलगी लारास शाळेत होती. पाकना भात शिजवता यायचा, वेणी घालता यायची नाही. म्हणून लारास सकाळी युनिफॉर्म घालून कुंपणाच्या फटीतून मीनाक्षीकडे यायची, वेण्या घालून, पोहे खाऊन शाळेत जायची. पुढे ती युनीत गेली, फिजिओ झाली, केस आखूड कापले, पण पोह्यांना यायची थांबली नाही. वडिलांना ती बापाक म्हणते आणि मीनाक्षीला तांते, म्हणजे मावशीच.

तर एका शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, ही लारास आली आणि पोहे पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली.

"तांते, बापाक नाही म्हणाले."

"कशाला नाही?"

"माझ्या आणि फजरच्या लग्नाला."

मीनाक्षीने झारा खाली ठेवला. फजर मूळचा जावातल्या योग्यकर्ताचा. वॉलॉंगॉंगला इंजिनिअरिंग शिकायला आला आणि इथेच राहिला. मुलात नाव ठेवायला जागा नव्हती. नमाजी होता, हसरा होता, आणि पाकच्या छपरावर चढून पन्हळीतली पानं काढून द्यायचा. पाकना तो आवडतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"मग अडलं कुठे?"

"आमचे आकडे जुळत नाहीत," लारास म्हणाली आणि रडायलाच लागली.

मीनाक्षीला हे समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत, ठाण्यात तिचा अर्धा जन्म यातच गेला होता. जावामध्ये सात वारांच्या जोडीला पाच दिवसांचा एक बाजाराचा आठवडा चालतो. जन्माचा वार आणि बाजाराचा दिवस मिळून माणसाचा वेतोन होतो. प्रत्येक वेतोनला आकडा असतो. मुलाचा आणि मुलीचा आकडा मिळवायचा, की संसार कसा होणार ते कळतं. लारास आणि फजरच्या बेरजेत निघालं होतं भांडण. जन्मभर कडाकड भांडण.

"एवढंच ना?" मीनाक्षी म्हणाली. "अगं, आम्ही बघ. चौतीस गुण..."

"तांते, ते मला माहितीये. सगळ्यांना माहितीये."

खरी अडचण वेगळीच होती. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याला पाकशी काही देणंघेणं नव्हतं. मुलगी सज्ञान, सही केली की झालं. पण लारासला निकाह हवा होता, आणि निकाहात मुलीचा पालक, म्हणजे वली, तिला आपल्या तोंडाने नवऱ्या मुलाला देतो. वली म्हणजे सख्खा बाप. बाप नाही म्हणाला तर? लारास मशिदीत जाऊन विचारून आली होती. इमाम एदिन हा बोस्नियन आईबापांचा, वॉलॉंगॉंगमध्येच वाढलेला तरुण माणूस. त्याने सांगितलं होतं, की वेतोनचा आकडा हे धर्मात बसणारं कारण नाही. बाप तेवढ्यावर अडून बसला तर पालक म्हणून इमाम उभा राहू शकतो.

"मग राहू दे की त्याला उभा!"

"मला तो नकोय, तांते. आई नाहीये. बापाकनीच द्यायला हवं मला. ते नाही म्हणाले तर मी लग्नच करणार नाही, आणि केलं तर आयुष्यभर रडेन."

हे ऐकल्यावर मीनाक्षीला घरात बसवणं यतिनच्या बापालाही जमलं नसतं.

पाक अंगणात गवती चहाच्या बेटाला पाणी घालत होते. हा माणूस नमाजाची एक वेळ चुकवत नाही आणि लेकीच्या वेतोनचा उपासही चुकवत नाही. दोन्हींत काही वावगं आहे असं त्यांना वाटत नाही, आणि गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती करणाऱ्या मीनाक्षीलाही वाटत नाही. म्हणून तिने वाद घातला नाही. ती आकडाच तपासायला बसली. आपल्याकडे वेळ चुकली तर पत्रिका चुकते, हे तिला पक्कं माहीत होतं.

"लारास कधी झाली, पाक? दिवसा की रात्री?"

"जानेवारीत. संध्याकाळी साडेसातला. मी तिला खिडकीपाशी नेलं, समुद्र नुसता सोनेरी झाला होता," पाक म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "मग गावी ताईला फोन करून वेळ कळवली. वेतोन तिनेच काढला."

"थांबा. तुमच्यात दिवस कधी बदलतो?"

"सूर्य बुडाला की."

"आणि समुद्र सोनेरी होता!"

पाकच्या हातातली नळी खाली पडली. जावामध्ये साडेसात म्हणजे किट्ट काळोख. सूर्य तिथे बारा महिने सहाच्या सुमाराला बुडतो. क्लातेनच्या खेड्यात बसलेल्या ताईला कुठून माहीत असणार, की वॉलॉंगॉंगच्या उन्हाळ्यात साडेसातला पोरं बीचवर क्रिकेट खेळत असतात? तिने बिचारीने सरळ दुसरा दिवस धरला होता.

"म्हणजे सव्वीस वर्षं मी भलत्याच दिवशी उपाशी राहिलो?" पाक म्हणाले.

"उपास वाया जात नाही हो! फोन लावा ताईला!"

ताईला फोन लागला. ताईंनी कपाळावर हात मारून घेतला, चष्मा लावला, बोटं मोजली. मीनाक्षी कॅमेऱ्यात डोकं घालून उभी होती, कारण विजय तिचा होता. मग ताई जावानीजमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि पाक खुर्चीवर बसले.

"काय म्हणाल्या?"

"आता भांडण येत नाही," पाक म्हणाले.

"बघा!"

"आता ताटातूट येते."

मीनाक्षी घरी आली आणि ओट्याशी उभी राहून तिने स्वतःलाच चार शिव्या दिल्या. यतिन म्हणाला, "भांडण होतं तेच बरं होतं. निदान माणसं एका घरात राहतात." ती त्याच्यावरही खेकसली. पण दुसऱ्या दिवशी बटाटेवड्यांचा डबा घेऊन पुन्हा कुंपणापाशी गेली. चूक करून गप्प बसणं तिच्या रक्तात नाही.

त्या दिवशी पाकनी तिला ते सांगितलं जे त्यांनी लारासलाही सांगितलं नव्हतं. त्यांचा आणि एन्दांगचाही आकडा वाईट होता. ताईने नको म्हणून सांगितलं होतं. पाक तरुण होते, प्रेमात होते, त्यांनी आकड्याला भीक घातली नाही. आणि एन्दांग गेली. मयतीच्या वेळी ताई फोनवर एकच वाक्य म्हणाली, मी सांगितलं होतं.

"इमाम म्हणतो हे सगळं खोटं. असेल खोटं. मीही कुराण वाचतो," पाक म्हणाले. "पण मीना, एकदा मी ऐकलं नाही, त्याची किंमत एन्दांगने दिली. आता लारासला त्याच वाटेवर मी माझ्या तोंडाने कसा पाठवू?"

मीनाक्षीला वाईट वाटलं, आणि त्या ताईचा रागही आला. इतकी वर्षं हा माणूस कुंपणापलीकडे बायकोचा जीव आपल्या डोक्यावर घेऊन हिंडत होता आणि आपण त्याच्याशी मिरच्यांच्या गप्पा मारत होतो, असं तिच्या मनात आलं. ती जे सुचलं ते बोलली.

"आमच्याकडे ना, पाक, मूल जगत नसलं किंवा वाईट नक्षत्रावर झालं, की त्याला सुपात घालून उकिरड्यापाशी ठेवायचे. दुसऱ्या बाईने यायचं, अगं बाई हे कुणाचं मूल, म्हणायचं आणि उचलायचं. मग ते तिचं झालं. जुनं सगळं संपलं."

पाक पुढे झुकले. "आमच्याकडेही," ते हळूच म्हणाले. "अगदी असंच. टाकायचं, आणि दुसऱ्याने केरसुणीने गोळा करून न्यायचं. उचलेल त्या दिवशी नवा जन्म."

दोघांनीही एकदमच लारास यायची त्या कुंपणाच्या फटीकडे पाहिलं.

सव्वीस वर्षांची, नोकरीवाली, उंचीने बापापेक्षा वरचढ मुलगी सुपात मावत नाही. शिवाय त्यांच्या उनॅन्डेरा या उपनगरात उकिरडा नाही, कौन्सिलचे कचऱ्याचे बिन आहेत. ताईंनी फोनवर बोटं मोजून चांगला दिवस काढून दिला, तो नेमका बिन बाहेर काढायचा दिवस निघाला, आणि पाकना तो शुभशकुन वाटला. या वेळी सूर्य खरोखर बुडल्याशिवाय काही करायचं नाही अशी त्यांची अट होती. सूर्य डोंगरामागे गेला तेव्हा यतिन म्हणाला, "झालं की." पाक म्हणाले, "डोंगराआड जाणं म्हणजे बुडणं नव्हे." मग सगळे फोनमध्ये सूर्यास्त बघत फुटपाथवर थांबले.

वेळ झाली. पाकनी लेकीचा हात धरला, तिला हिरव्या बिनशेजारी मीनाक्षीच्या सुपापुढे मांडी घालून बसवलं आणि पाठ फिरवून घरात गेले. मागे वळून बघायचं नसतं. त्यांनी बघितलं नाही, पण त्यांचे खांदे हलत होते. समोरचा डॅरिल कुत्र्याला घेऊन चालला होता, तो थांबला.

"यू राइट, लव्ह?"

"येह, ऑल गुड," लारास म्हणाली. "डॅडनी मला टाकून दिलंय."

"नो वरीज," डॅरिल म्हणाला आणि कुत्र्याला जरा भराभर ओढत पुढे गेला.

मग मीनाक्षी झाडू घेऊन आली. "अगंबाई, हे कुणाचं मूल?" ती म्हणाली. हे सगळं गमतीत करायचं असं तिने ठरवलं होतं. पण झाडू लारासच्या ओढणीला लागला, पोरीने मान वर करून बघितलं, आणि मीनाक्षीने झाडू खाली टाकला. "माझं," ती म्हणाली. "हे माझं मूल आहे." तिने लारासला उठवून पोटाशी धरलं. यतिन सूप उचलायला पुढे झाला होता, त्यालाही बिनकडे बघावं लागलं.

नव्या जन्माचा आकडा उत्तम आला. मीनाक्षीने बासुंदी केली, अपूर्वला फोन करून तुला बहीण झाली असं सांगितलं, आणि आता सगळं मार्गी लागलं असं तिला वाटलं. इथेच घोडं पेंड खायला लागलं.

निकाहाची तयारी ठरवायला ते मशिदीत गेले. मीनाक्षीही गेली, आता तीही मुलीकडची पार्टी होती. इमाम एदिनने चहा दिला आणि पाकना म्हणाला, "तर तुम्ही एवढंच म्हणायचं, की मी माझी मुलगी लारास हिचा विवाह तुझ्याशी लावून देतो. फजर म्हणेल, मी स्वीकारला. दॅट्स इट."

पाकनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "माझी मुलगी असं मला म्हणता येणार नाही."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. मुलगी टाकून दिली म्हणून आकडा सुटला होता. तिला माझी म्हटलं, की ती परत त्यांची, आणि जुना आकडा परत तिचा. रिवाजाने तिला द्यायचा हक्क आता मीनाक्षी-यतिनचा होता. यतिनने घाईघाईने चहाचा घोट घेतला.

इमामाने सगळी हकीकत ऐकली. बिन, झाडू, डॅरिल, सगळं. "मी यातलं काही ऐकलं नाही असं समजतो," तो म्हणाला. "पण ऐका, पाक. धर्मात दत्तक घेतल्याने बाप बदलत नाही. आंटींनी हिला उचललं, फार छान. हिला आणखी दहा आया मिळोत. वली तुम्हीच."

"मग तुम्ही म्हणा माझ्या वतीने. तसं चालतं. आमच्याकडे पुष्कळ बाप मौलवीला अधिकार देतात."

"चालतं," इमाम म्हणाला. "पण जे तुमचं आहे तेच तुम्ही मला देऊ शकता, मेट. अधिकार द्यायला आधी तुम्हाला म्हणावं लागेल, की ही माझी मुलगी."

लारास खाली मान घालून बसली होती. तिने एकदाही बापाला आग्रह केला नाही, आणि ते बघून मीनाक्षीला राहवलं नाही.

"पाक, माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "मी तिला उचललंय. गंमत म्हणून नाही उचललं, शपथ घेऊन सांगते. आता तिचा जो काही आकडा असेल, भांडणाचा, ताटातुटीचा, तो माझ्या दारात येऊ दे. मी बघून घेते त्याच्याकडे. ते काम माझं. तुम्ही फक्त बाप व्हा."

बोलून गेली, आणि मग आपण काय अंगावर घेतलं ते तिला कळलं. आपण हे मानत नाही असं ती यतिनला सांगत होती, पण त्या क्षणी ती भ्याली होती आणि तरीही तिला शब्द मागे घ्यायचे नव्हते.

पाक उठले. "एन्दांगला कुणी असं म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. मग ते नमाजाला गेले. होय म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. लारासने इमामाला सांगून ठेवलं, की बापाक गप्प राहिले तर निकाह थांबवायचा, तुम्ही त्यांच्या जागी बोलायचं नाही.

लग्नाच्या दिवशी मशिदीचा हॉल माणसांनी भरला. एका टेबलावर पिवळ्या भाताचा डोंगर होता, शेजारी मीनाक्षीचं श्रीखंड. क्लातेनहून ताई फोनच्या पडद्यावर हजर होत्या, डोक्यावरून ओढणी घेऊन, तोंड घट्ट मिटून. बायकांच्या बाजूला लारास बसली होती, आणि तिचा गार पडलेला हात मीनाक्षीच्या हातात होता. ती रोज इतके हात धरते, पण या हाताची नाडी तिला मोजवेना. स्वतःचीच इतकी उडत होती.

पाक फजरसमोर बसले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. इमामाने माइक पुढे केला. पाकनी तोंड उघडलं आणि मिटलं. कुठेतरी एक मूल रडलं, त्याला कुणी बाहेर नेलं. यतिन साक्षीदारांच्या मागे उभा राहून मान पुढे काढत होता.

"मी," पाक म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी फजरवरची नजर काढून सरळ बायकांच्या बाजूला बघितलं. "मी माझी मुलगी, लारास, हिचा विवाह तुझ्याशी लावून देतो."

फजरने एका दमात स्वीकारला. साक्षीदारांनी माना हलवल्या. निकाह झाला. इमाम माइक परत घ्यायला गेला, पण पाक तो सोडेनात.

"माझी मुलगी," ते पुन्हा म्हणाले.

"एकदा पुरतं, पाक," इमाम हळूच म्हणाला.

"माझी मुलगी आहे ती," पाक माइकमध्ये ओरडले, हसत, रडत, साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं, फोनमधल्या ताईलाही. लारास उठून पुरुषांच्या बाजूला धावली, तिला कुणी अडवलं नाही. मीनाक्षी रिकामा हात घेऊन क्षणभर बसली, आणि मग तीही उठून तिच्यामागे गेली.